पहिली फिल्म, बारा लाख आणि ठाणे-नवी मुंबई: शूटिंगनंतरच्या खर्चाचं काय?

कळवेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी कळव्यात राहतो, ऐरोलीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी लघुपट करत आलोय. आता पूर्ण लांबीची मराठी फिल्म करायची आहे. पटकथा तयार आहे. खाडीत डुबी मारून रेती काढणाऱ्या एका माणसाची गोष्ट आहे. खारेगाव, मुंब्रा, काशेळी पट्ट्यातल्या जुन्या लोकांना हे काम माहीत असेल. होडी नांगरायची, बांबू धरून तळाशी जायचं, हाताने बादली भरायची आणि श्वास संपायच्या आत वर यायचं. मग सक्शन पंप आले, त्यानंतर बंदी आली आणि ही माणसं अधू कान घेऊन घरी बसली. आमच्या चाळीतले एक काका त्यातलेच. त्यांच्याशी बोलता बोलता पटकथा लिहून झाली.

हातात बारा लाख आहेत. थोडी बचत, थोडे भावाचे, थोडे मित्रांचे. मित्रमंडळींत सध्या एकच वाद चालू आहे, कॅमेरा कुठला घ्यायचा. अंधेरीत माझी कोणाशी ओळख नाही. या क्षेत्रात शिरायचं तर आधी कोणाला भेटावं? बाहेरच्या माणसाला दार कसं उघडतं? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

येऊरकर

कळवेकर, विषय उत्तम आहे आणि तो तुमच्या दारातला आहे, ही तुमची सगळ्यात मोठी जमा. कॅमेऱ्याचा वाद जरा बाजूला ठेवा आणि आधी एवढंच सांगा: शूटिंगचा शेवटचा दिवस संपेल तेव्हा बारा लाखांपैकी किती शिल्लक असतील?

मी पोस्ट प्रॉडक्शनमध्ये काम करतो. कमी पैशांतल्या फिल्म कुठे अडकतात ते रोज बघतो. शूटिंग होतं. उधार-उसनवार करून का होईना, ते होतंच, कारण तेव्हा सगळ्यांना उत्साह असतो. पॅकअप झाल्यावर हार्ड डिस्क घरी येते आणि तिथेच राहते. संकलनाला पैसे नाहीत, आवाजाला नाहीत, मिक्सिंगला नाहीत. घर बांधायला काढावं आणि छपराचे पैसे पायातच गाडावेत, तसा प्रकार. अशा फिल्ममधले कलाकार पुढे फोन करून विचारत राहतात आणि दिग्दर्शकाला फोन उचलवत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: निम्मे पैसे शूटिंगनंतरसाठी बाजूला काढा. वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याचं कार्ड घरच्या अशा माणसाकडे द्या, ज्याला फिल्मशी काही देणंघेणं नाही. उरलेल्या सहा लाखांत बसेल एवढीच फिल्म लिहा. पटकथा छाटावी लागली तर छाटा.

पॅकअपनंतर काय काय येतं ते सांगतो. संकलन. ध्वनी संकलन आणि पार्श्वध्वनी. संगीत. पाच-पूर्णांक-एकचं, म्हणजे चहूबाजूंनी येणाऱ्या आवाजाचं मिक्सिंग, तेही नीट मिक्स थिएटरमध्ये, घरच्या स्पीकरवर नाही. रंगांसाठी डीआय, म्हणजे सगळ्या शॉटचे रंग नीट जुळवणं. इंग्रजी सबटायटल्स, आणि ती भाषा येणाऱ्या माणसाकडून. मग डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहाच्या सर्व्हरवर चालणारी फाइल. सेन्सॉरचं शुल्क आणि कागदपत्रं. महोत्सवांच्या प्रवेशिका. पोस्टर, ट्रेलर. यातलं काहीही टाळता येत नाही आणि उत्साहावर तर यातलं काहीच होत नाही.

कोणाला भेटावं, हे विचारलंत. पूर्ण झालेली फिल्म हातात असेल तर लोक तुम्हाला भेटतात. अर्धवट फिल्म घेऊन कोणाच्याही ऑफिसबाहेर बसलात तरी चहाच मिळतो.

घोडबंदररोड

येऊरकरांचं पोस्टबद्दलचं म्हणणं मान्य, पण पहिल्याच उडीत पूर्ण लांबीची फिल्म कशाला? आमच्या घोडबंदर पट्ट्यात इतक्या मराठी-हिंदी मालिकांची शूटिंगं चालतात. तिथे वर्षभर सहायक म्हणून काम करा. कॉल शीट, म्हणजे शूटिंगच्या दिवसाचं वेळापत्रक कसं बनतं, कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्यात जुळतं कसं ठेवतात, दिवसाला किती सीन निघतात आणि न निघाल्यास काय होतं, हे सगळं अंगवळणी पडतं. मी तिथेच शिकलो. ओळखीही तिथूनच होतात. स्पॉट दादांपासून लाइट दादांपर्यंत सगळे पुढे आपल्या फिल्मला येतात.

पामबीच

घोडबंदररोड, मालिकेतून शिस्त येते, यात वाद नाही. पण त्यांना नोकरी आहे. नोकरी सोडून वर्षभर बारा-बारा तास सेटवर उभं राहणं प्रत्येकाला परवडत नाही. आणि मालिकेचं व्याकरण वेगळं, या फिल्मचं वेगळं.

रीमा दास यांची 'व्हिलेज रॉकस्टार्स' बघा. आसाममधल्या स्वतःच्या छायगावात त्यांनी ती केली. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन सगळं स्वतः. कॅमेरा साधा डीएसएलआर, आणि मुलं गावातलीच. काही वर्षं थोडं थोडं शूट करत राहिल्या. २०१७ साली फिल्म टोरांटोला गेली, पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि भारताकडून ऑस्करलाही तीच गेली. मराठीतही आहे की. जयंत सोमलकरांचा 'स्थळ' चंद्रपूरकडच्या गावात, तिथल्याच लोकांना घेऊन झाला आणि २०२३ साली टोरांटोत त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला. रोहन कानवडे लघुपट करत करत 'साबर बोंडं'पर्यंत आले आणि २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक कथापट विभागातला सर्वोच्च ज्युरी पुरस्कार घेऊन परतले.

ही नावं हुरूप वाढवायला सांगत नाही. यांच्यात एक गोष्ट सारखी दिसते: जी जागा आणि जी माणसं आतून ठाऊक होती, तिथेच यांनी फिल्म केली. कळवेकर, तुमच्याकडे खाडी आहे.

एकांकिकावाली

आता मी जरा कडू बोलणार आहे.

मी ठाण्यातल्या महाविद्यालयीन एकांकिकांमधून आले. गडकरी, घाणेकर, विष्णुदास भावे, सगळ्या नाट्यगृहांत काम केलंय. ठाण्यात फिल्म करणाऱ्या प्रत्येकाला एकांकिकेतली मुलं आठवतात, कारण ती गुणी असतात, पाठांतर चोख असतं आणि ती फुकट येतात अशी समजूत असते. "एक्स्पोजर मिळेल" हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले.

कमी पैसे असणं हा गुन्हा नाही. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. मानधन थोडं असेल तर थोडं द्या, पण आकडा आधी सांगा, कागदावर लिहा आणि ठरल्या दिवशी द्या. पुढे फिल्म विकली गेली तर प्रत्येकाला काय मिळेल तेही त्याच कागदावर लिहा. जेवण वेळेवर आणि पोटभर द्या. वडापाववर दिवस ढकलणारं युनिट संध्याकाळी चार वाजता चिडचिडं होतं आणि ते पडद्यावर दिसतं.

आणि बायकांसाठी बाथरूम. रेकीला, म्हणजे जागा बघायला जाता तेव्हा उजेड बघता, पार्श्वभूमी बघता. बाथरूम कुठे आहे ते कोणी बघत नाही. खाडीकाठी शूट म्हणजे आसपास काहीच नसणार. जवळच्या एखाद्या घरातल्या ताईंशी आधी बोलून ठेवा, त्यांना दिवसाचे पैसे द्या, कपडे बदलायला एक खोली मिळवा. रात्रीचं शूट असेल तर शेवटच्या लोकलच्या भरवशावर मुलींना सोडू नका, गाडी करा. हा खर्च बजेटमध्ये पहिल्या पानावर हवा. एका फिल्मला मी यासाठीच नकार दिला होता. रात्री दीडला पॅकअप आणि "रिक्षा मिळेल गं" एवढंच उत्तर.

येऊरकर

एकांकिकावाली, शब्दन् शब्द मान्य. कळवेकर, बाईंचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावा.

खाडीचाआवाज

मी लोकेशन साउंड, म्हणजे शूटिंगच्या जागी आवाज रेकॉर्ड करायचं काम करतो, त्यामुळे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते लिहितो. थोडं लांबेल.

प्रेक्षक कमअस्सल चित्र सहन करतो. थोडा दाणेदार, थोडा अंधारा शॉट त्याला चालतो, कधी आवडतोही. पण संवाद ऐकू आला नाही की तो दोन मिनिटांत फिल्ममधून बाहेर पडतो. महोत्सवाची निवड समिती तर त्याहून लवकर. म्हणून कॅमेऱ्याचं भाडं एक पायरी खाली आणा आणि ते पैसे ध्वनिलेखकावर घाला.

रेकी कानाने करा. ज्या वेळी शूट करायचंय त्याच वेळी, त्याच वारी त्या जागी जाऊन डोळे मिटून बसा. तुमच्या भागातलंच सांगतो. खारेगावला साकेत पुलावरच्या ट्रकांची घरघर रात्री वाढते, कमी होत नाही. विटाव्याला ठाणे-वाशी लोकल जाते, आणि ती गेली की मागोमाग दुसऱ्या बाजूची येते. ओहोटीला चिखलावर बगळे असतात, भरतीला पाणी खडकावर आपटतं. एकाच सीनचा अर्धा भाग ओहोटीला आणि अर्धा भरतीला घेतलात तर संकलनात आवाज जुळणार नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक कॉल शीटला जोडा. त्यात कुठेतरी लाउडस्पीकर असतो, पायलिंगचं मशीन असतं, आणि गणपती ते दिवाळी हा काळ तर संवादांसाठी विसराच.

घरातल्या सीनला फ्रिज बंद करायचा. आमच्याकडे एक पद्धत आहे, फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली आत ठेवायची. म्हणजे जाताना फ्रिज चालू करायला विसरत नाही आणि घरमालकाचं दूध नासत नाही. चाळीतल्या खोलीत भिंती उघड्या असतात, आवाज घुमतो. कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या बाजूला दोरीवर गोधड्या टांगा, जमिनीवर सतरंजी घाला. फरक लगेच कळतो. प्रत्येक जागा सोडण्याआधी सगळ्यांना उभ्या जागी गप्प करून मिनिटभर नुसता त्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. युनिट कंटाळतं, पण ते मिनिट संकलनात सोन्यासारखं लागतं.

रेकॉर्डिंग अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झ, चोवीस बिट. आता कॅमेऱ्याचंही सांगून टाकतो, कारण तो घोळ शेवटी आमच्याकडे येतो. फिल्म चित्रपटगृहात न्यायची असेल तर चोवीस फ्रेमला शूट करा. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली शटर एक-पन्नासांश ठेवा, किंवा कोनात मोजत असाल तर १७२.८ अंश, नाहीतर चित्र लपलपतं. सगळे कॅमेरे, उसना आणलेला मोबाइलसुद्धा, एकाच फ्रेम रेटला. आणि रोज रात्री फुटेजच्या तीन प्रती, त्यातली एक वेगळ्या घरी.

डबिंगच्या भरवशावर राहू नका. डुबी मारणाऱ्या माणसाचा धाप लागलेला आवाज स्टुडिओतल्या काचेमागे येत नाही.

कळवेकर

मंडळी, भारावलो. खाडीचाआवाज, भरतीच्या वेळापत्रकाची सूचना आजच वहीत लिहिली. एकांकिकावाली, बाथरूमचा मुद्दा खरंच डोक्यात नव्हता, तो बजेटमध्ये घेतला.

तीन प्रश्न. एक, फिल्ममध्ये नायकाची नात आहे, वय दहा. चाळीतलीच एक मुलगी छान करेल. तिच्यासाठी काही परवानगी लागते का? दोन, तुकोबांचा अभंग वापरायचा आहे. अभंग जुना, त्यामुळे हक्कांचा प्रश्न येणार नाही ना? तीन, एक मित्र म्हणतोय की लोकांकडून पाच-पाच हजार घेऊन त्यांना नफ्यात वाटा देऊ. हे करावं का?

आकडेमोड

मी सीए आहे, बेलापूरला ऑफिस आहे, आणि दोन-तीन छोट्या निर्मात्यांचं काम बघतो. तुमच्या तिन्ही प्रश्नांवर लिहितो.

मुलगी चौदाच्या आतली आहे, त्यामुळे बालकामगार कायद्याखालचे २०१७चे सुधारित नियम लागतात. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यायची, तुमच्या बाबतीत ठाणे जिल्हाधिकारी. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. तिच्या कमाईचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावे मुदत ठेवीत टाकायचा. शाळा बुडता कामा नये, आणि तिची स्वतःची इच्छा हवी. चाळीतली ओळखीची मुलगी आहे म्हणून हे टाळू नका, उलट म्हणूनच नीट करा.

अभंगाचे शब्द तुकोबांचे, त्यांवर आज कोणाचा हक्क नाही. पण तुमच्या डोक्यात जी चाल आहे ती बहुतेक कोणा संगीतकाराची असणार, आणि जे रेकॉर्डिंग तुम्ही रोज ऐकता ते कंपनीचं असणार. संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालीवर हक्क राहतो, आणि ध्वनिमुद्रणावर ते प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं. सोपा मार्ग म्हणजे नवी चाल करून घ्या, किंवा गावातल्या भजनी मंडळाकडून त्यांच्या पारंपरिक चालीत गाऊन घ्या आणि त्यांची लेखी संमती व मानधनाची पावती ठेवा. दृश्यात मागे टीव्ही किंवा रिक्षातलं गाणं चालू असेल तर तेसुद्धा हक्कात येतं. ते शूटिंगच्या वेळीच बंद ठेवा.

इथेच करारांचं सांगतो. लेखक, संगीतकार, गीतकार, प्रत्येकाशी लेखी करार हवा, सहीसकट. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये एक तरतूद आहे जी छोट्या निर्मात्यांना माहीत नसते. हक्क हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे सहाव्या वर्षी किंवा परदेशी विक्रीच्या वेळी तुमच्या हातात संगीताचे हक्कच नसतात. एका फिल्मचा ओटीटी व्यवहार याच कागदावरून अडलेला मी पाहिलाय. संगीतकार मित्र होता, करार तोंडी होता. मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क मात्र २०१२च्या दुरुस्तीनंतर त्यांच्याकडून काढून घेता येत नाही, तसा मजकूर करारात घालू नका. कलाकारांचं संमतीपत्र, जागामालकाचं संमतीपत्र, सगळं एका फायलीत. पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवून ठेवा.

तिसरा प्रश्न. लोकवर्गणीतून फिल्म होते. 'मंथन'साठी १९७६ साली गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. केरळात दिग्दर्शक जॉन अब्राहम (हिंदीतले अभिनेते नव्हेत) यांच्या गटाने गावोगाव वर्गणी गोळा करून फिल्म केली. पण वर्गणी वेगळी आणि परताव्याचं आश्वासन वेगळं. अनोळखी लोकांना "पैसे द्या, नफा देतो" म्हणालात की ठेवी गोळा करण्याच्या आणि गुंतवणुकीच्या कायद्यांत शिरता. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा २०१९ पासून आहे. देणगी घ्या, बदल्यात श्रेयनामावलीत नाव, पोस्टर, पहिल्या खेळाचं आमंत्रण द्या. ज्यांना खरोखर भागीदार करायचंय अशा चार-पाच जवळच्या माणसांशी रीतसर भागीदारी किंवा एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी करा.

पामबीच

आकडेमोड, कलम १९चं मलाही नवीन. धन्यवाद.

आता पूर्ण झालेली फिल्म न्यायची कुठे, यावर. कळवेकर, दोन रस्ते समांतर धरा, पण क्रम नीट लावा. आधी महोत्सव, मग प्रदर्शन. मोठे महोत्सव जागतिक किंवा निदान देशातला पहिला खेळ आपल्याकडेच व्हावा, असा आग्रह धरतात. उत्साहाने सोसायटीच्या गच्चीवर जाहीर खेळ लावला, किंवा यूट्यूबवर "मित्रांसाठी" टाकली, की ते दार बंद होतं. प्रवेशिका बहुतेक फिल्मफ्रीवे या संकेतस्थळावरून जातात आणि प्रत्येकीला पैसे पडतात. तिथे हौसेने शंभर ठिकाणी पाठवणारे खूप आहेत. घरबसल्या प्रमाणपत्र वाटणारे "महोत्सव" ढीगभर आहेत. त्यांनी दिलेल्या पानांच्या तुऱ्यांच्या शिक्क्यांनी पोस्टर भरतं, पण एकही वितरक विचारत नाही. आपल्या जवळचे नीट निवडा: पुण्याचा पिफ, मुंबईचे मामी आणि थर्ड आय, केरळचा आयएफएफके, धरमशाला. गोव्याच्या इफ्फीत इंडियन पॅनोरमा हा भारतीय फिल्मचा विभाग आहे.

आणि गोव्यालाच एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा फिल्म बाजार भरतो, २००७ पासून. आता त्याचं नाव वेव्हज फिल्म बाजार. तुमच्यासारख्या माणसाने पहिली धडक मारायची ती तिथे. पटकथेच्या टप्प्यावर असाल तर सहनिर्मितीचा बाजार आहे, रफ कट, म्हणजे कच्चं संकलन असेल तर वर्क-इन-प्रोग्रेस लॅब आहे, आणि फिल्म पूर्ण असेल तर व्ह्यूइंग रूम आहे जिथे खरेदीदार आणि महोत्सवांचे निवडकर्ते फिल्म बघतात. अंधेरीत वर्षभर खेटे घालून जी माणसं भेटत नाहीत, ती तिथे चार-पाच दिवस एकाच आवारात असतात. परदेशी निधीही आहेत. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स निधीची मदत होती, आणि ती फिल्म २०१४ साली व्हेनिसला पुरस्कार घेऊन आली. या सगळ्यांना इंग्रजीत दोन पानांचा गोषवारा, दिग्दर्शकाचं निवेदन आणि खरंखुरं बजेट लागतं. ते लिहायला वेळ काढा. चाळीतल्या काकांचे अधू कान त्या निवेदनात आले पाहिजेत.

घोडबंदररोड

महोत्सव ठीक, पण शेवटी फिल्म आपल्या माणसांनी बघायला नको का? रेतीवाल्यांची फिल्म रेतीवाल्यांच्या मुलांनीच बघितली नाही तर काय उपयोग?

येऊरकर

बघायला हवीच. म्हणून प्रदर्शनाचं गणित आधी समजून घ्या.

२००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात संप होऊन वाटणी ठरली होती: पहिल्या आठवड्यात निर्मात्याच्या बाजूला पन्नास टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे तीस. हे कर वजा जाता. त्यातून वितरकाचं कमिशन जातं, डिजिटल प्रक्षेपणाचं शुल्क जातं, आणि जाहिरातीचा खर्च तर आधीच झालेला असतो. छोटी फिल्म तोंडी प्रसिद्धीवर चालते, पण ती पसरेपर्यंत दुसरा आठवडा येतो आणि तेव्हा निर्मात्याचा वाटा घटलेला असतो, खेळही. मराठीला दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत खेळ मिळावेत असं राज्य सरकारने २०१५ मध्ये ठरवलं, पण मंगळवारी दुपारी साडेबाराचा खेळसुद्धा त्यात बसतो. नोकरदार माणूस तेव्हा कुठून येणार?

म्हणून एकदम राज्यभर पसरू नका. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल, एवढ्याच पट्ट्यात मोजके खेळ घ्या, शनिवार-रविवारचे, आणि ते भरा. पहिला आठवडा भरला की चित्रपटगृहवाले स्वतः विचारतात. नाट्यगृहात किंवा सभागृहात प्रोजेक्टर लावून खेळ करता येतात, फिल्म सोसायट्या बोलावतात. फक्त लक्षात ठेवा, जाहीर खेळाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, नाट्यगृहात असला तरी. महोत्सवांना त्यातून सूट मिळते, ती केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून आणि महोत्सवाने मागायची असते.

सेन्सॉरचा अर्ज ऑनलाइन होतो, ई-सिनेप्रमाण पोर्टलवर. २०२३च्या दुरुस्तीनंतर यूए मध्ये सात, तेरा आणि सोळा अशा तीन वयांच्या पायऱ्या आल्या आहेत. बैल, घोडा, अगदी कोंबडी जरी दृश्यात असेल तर प्राणी कल्याण मंडळाचं पत्र लागतं, तेव्हा ते शूटिंगआधी बघा. आणि नायक बिडी ओढणार असेल तर पडद्यावर इशारा, सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्य संदेश, हे सगळं ओघाने आलं. बिडी खरंच हवी आहे का, हे पटकथेतच ठरवा.

राज्य सरकारचं अनुदानही आहे. दर्जेदार मराठी चित्रपटांना परीक्षण समिती गुण देते. अ दर्जाला चाळीस लाख आणि ब दर्जाला तीस लाख अशी ती योजना, गोरेगावच्या चित्रनगरीमार्फत चालते. नियमावलीत बदल होत असतात, म्हणून ताजा शासन निर्णय तिथूनच घ्या. पण हे पैसे फिल्म पूर्ण होऊन प्रमाणपत्र मिळाल्यानंतरचे. ते गृहीत धरून कर्ज काढू नका, कृपा करून. अनुदान मिळालं तर दुसऱ्या फिल्मचं भांडवल होईल.

एकांकिकावाली

आणि ते मिळालं तर आधी ज्यांना कमी दिलं त्यांचं उरलेलं मानधन.

येऊरकर

बरोबर. तो क्रम तसाच हवा.

ऐरोलीकर

उशिरा आलो. परवानग्यांबद्दल थोडं. राज्याची एक खिडकी योजना आहे, फिल्म सेलची, तिथून सरकारी जागांचे अर्ज होतात. तरीही स्थानिक पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन, पत्राची प्रत देऊन, साहेबांना सगळं सांगून या. शूटिंगच्या दिवशी गस्तीची गाडी आली तर फोन एकच पुरतो. खाडीकाठचं कांदळवन वन खात्याकडे आहे, तिथे पाय ठेवायच्या आधी कांदळवन कक्षाला विचारा. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं. रेल्वे स्थानकात लपूनछपून शूट करायच्या फंदात पडू नका. मोबाइलवर घेतलेला तो एक शॉट पुढे प्रत्येक खरेदीदार परवानगीसह मागतो.

कळवेकर, खाडीचे ड्रोन शॉट डोक्यात असतील ना?

कळवेकर

आहेत. सुरुवातच त्यावर लिहिली आहे, वरून होडी आणि पाण्यात उतरणारा माणूस.

ऐरोलीकर

मग डिजिटल स्काय, म्हणजे ड्रोनसाठीच्या सरकारी पोर्टलचा नकाशा आधी बघा. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून बारा किलोमीटरपर्यंत निर्बंध येतात, अंतर जितकं कमी तितके कडक. मुंबईचा विमानतळ होताच, आता उलव्याचा नवी मुंबई विमानतळही सुरू झाला. आपण दोन्हींच्या मध्ये राहतो. जागा नकाशावर टाकून, तिथे उडवायला मोकळीक की निर्बंध हे सांगणारा रंग बघून मगच चालकाला बयाणा द्या.

खाडीचाआवाज

ड्रोनच्या पंख्यांच्या आवाजात होडीवरचं काहीच रेकॉर्ड होत नाही, हेही धरून चाला. त्यापेक्षा कॅमेरा होडीतच ठेवा. माणूस पाण्यात गेल्यावर वर राहिलेल्या जोडीदाराच्या चेहऱ्यावर थांबा, आणि आवाज फक्त पाण्याचा आणि बांबूच्या करकरण्याचा. तो कधी वर येतो याची वाट प्रेक्षकही बघेल. हा शॉट सहा लाखांत बसतो.

कळवेकर

हे फारच आवडलं. काकांना आजच विचारलं, ते म्हणाले जोडीदार बांबूला हात लावून बसायचा, खालचा माणूस ओढ देतोय का ते हाताला कळायचं. सुरुवात तशी लिहितो.

बाकी ठरलं ते असं. सहा लाख बहिणीच्या खात्यात, ती फिल्म बघत नाही. कॅमेरा मित्राचा आहे तोच. पैसे ध्वनिलेखकाला आणि जेवणाला. पटकथेतला लग्नाचा सीन आणि मुंब्र्याचा बाजार काढला. नातीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी या आठवड्यात करतो. नोव्हेंबरच्या फिल्म बाजाराला सध्या पटकथा घेऊनच जाईन, इंग्रजी गोषवारा वाचून द्यायला कोणी तयार आहे का?

पामबीच

मी देतो. संपर्कातून पाठवा. दोन पानांच्या वर नको, आणि पहिल्याच परिच्छेदात बांबू यायला हवा.

आकडेमोड

करारांचे मसुदे मीही बघून देईन, फी नको. संगीतकाराशी बोलणी व्हायच्या आधी पाठवा, नंतर नाही.